पितळेतला ताण आणि रुंदावलेली रेषा

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेपुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. पावसाळ्यात साठवून ठेवलेली पितळी काडतुसे न वापरताच तडकू लागली. पेट्या उघडल्या की काही काडतुसांच्या तोंडाजवळ चिरा पडलेल्या दिसत. ती कोणी आपटली नव्हती, त्यांच्यावर भारही पडला नव्हता. कारखान्यातून निघताना ती तपासणीत उतरली होती आणि कोठारात पडल्या पडल्या फुटत होती. पावसाळा सरला की तक्रारी कमी होत. त्यामुळे या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले.

फौजेच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हती. तडकलेले काडतूस बंदुकीत अडकते आणि ऐन वेळी बंदूक निकामी होते. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला होता आणि काडतुसांचा उद्योग महाराष्ट्राच्याही अंगणात आला होता. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. पत्र्याच्या गोल चकतीची आधी वाटी करतात, मग ती साच्यातून पुन्हा पुन्हा दाबत लांब नळीसारखी ओढतात. मधे मधे तापवून मऊ करतात. शेवटी गोळी घट्ट बसावी म्हणून तोंड थंडपणीच आवळतात. चिरा पडत त्या बहुधा याच आवळलेल्या भागात.

रोगाचे निदान व्हायला १९२१ साल उजाडले. ब्रिटनमध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिले की दोन कारणे एकत्र आल्याखेरीज पितळ असे तडकत नाही. पहिले कारण हवेतला अमोनिया. पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत किंवा त्यांच्या आसपास ठेवली जात आणि घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेला भिडे. दुसरे कारण पितळेच्या आत होते. थंडपणी आवळताना धातूत जो ताण शिरला, तो काम संपल्यावरही तिथेच दबून राहिला होता. उपाय साधा निघाला. काडतूस बेताच्या उष्णतेवर थोडा वेळ तापवायचे. त्याने कडकपणा टिकतो, आतला ताण मात्र उतरतो.

मग पुढचा प्रश्न आला. न दिसणारा हा ताण मोजायचा कसा? तेव्हाची रीत अशी की नळीचा तुकडा कापायचा, उभा चिरायचा आणि तो किती उलगडतो ते पाहायचे. ताण कळे, पण वस्तू हातची जाई. धातूला न दुखवता त्याच्या आतले वाचायची विद्या दुसऱ्याच वाटेने येत होती. तिचा इतिहास मला विसाव्या शतकातल्या विज्ञानाचे एक मोलाचे पर्व वाटतो. त्यात म्युनिक, केंब्रिज आणि ऑक्सफर्ड आहेत, तसेच काशी आणि तुर्भेही आहेत.

हाताला ठाऊक, डोळ्याला अज्ञात

ठोकल्याने धातू कडक होतो, हे कारागिराला फार पूर्वीपासून माहीत आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी घडतात. पत्रा ठोकत गेले की तो हळूहळू हट्टाला पेटतो, आणखी ठोकला तर फाटतो. म्हणून तांबट तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतो आणि पुढे ठोकतो. भांडे आकाराला आले की शेवटी त्यावर मठारकाम होते. हातोडीच्या गोल तोंडाने एकसारखे ठोके देत सगळा पृष्ठभाग भरून काढतात. त्या ठोक्यांनी भांड्याला झळाळी येते आणि त्याच ठोक्यांनी पातळ पत्रा इतका ताठ होतो की हंडा पाण्याचे ओझे सहज पेलतो.

ठोकताना तांब्यात काहीही मिसळत नाही. वजन तेच, रंग तोच. तरी तांबे बदलते. मग आत काय बदलते?

केंब्रिजमध्ये युइंग आणि रोझेनहाइन यांनी १८९९-१९०० च्या सुमारास धातूचा पृष्ठभाग गुळगुळीत घासला, तो ताणला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कणाकणावर बारीक समांतर रेघा उमटलेल्या होत्या. त्या रेघा म्हणजे पायऱ्या होत्या. धातूच्या स्फटिकाचे थर एकमेकांवरून सरकले होते आणि पृष्ठभागावर त्यांच्या कडा उघड्या पडल्या होत्या. धातू वाकतो तेव्हा त्याचे थर घसरतात, हा मोठा शोध होता.

कडकपणाचे कोडे त्याने सुटले नाही. जॉर्ज बीलबी यांचे मत असे की ठोकताना धातूचा काही भाग स्फटिकरूप सोडून काचेसारखा अस्ताव्यस्त होतो आणि तोच कडक असतो. हे मत अनेकांना पटले. खोडून काढायलाही कोणाकडे साधन नव्हते. सूक्ष्मदर्शक पृष्ठभाग दाखवे, अणूंची रचना दाखवत नसे.

मोरचुदाचा खडा

रॉन्टजेन यांना क्ष-किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, वुर्झबुर्गमध्ये. हे किरण कण आहेत की लहरी, यावर पुढे सतरा वर्षे वाद चालला. १९१२ च्या वसंतात म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांना सुचले की हे किरण लहरी असतील आणि स्फटिकातले अणू खरेच ठरावीक अंतरावर ओळीने बसलेले असतील, तर स्फटिकातून जाताना किरण ठरावीक दिशांना विखुरले पाहिजेत. फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी प्रयोग मांडला. त्यांनी आधी निवडला तो मोरचुदाचा स्फटिक. आपला बागायतदार द्राक्षावर बोर्डो मिश्रण फवारण्यासाठी चुन्यात कालवतो तेच हे निळे मोरचूद. फोटोच्या काचेवर मधल्या डागाभोवती ठिपके उमटले. त्या एका काचेने किरणांचे लहरीपण आणि अणूंची ओळीतली रचना, दोन्ही गोष्टी सिद्ध केल्या.

त्याच वर्षी केंब्रिजच्या विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तरुणाने त्या ठिपक्यांना सोपा अर्थ दिला. स्फटिकातले अणूंचे थर किरण परतवतात. लागोपाठच्या थरांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना साथ देतील अशा मोजक्याच कोनांवर झोत दिसतो. कोन मोजला की दोन थरांमधले अंतर निघते. १९१५ मध्ये त्याला वडिलांबरोबर नोबेल मिळाले, तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

ही मोजणी किती बारीक आहे ते तांब्यावरून कळेल. तांब्यातल्या सर्वांत दाट थरांमधले अंतर २.०९ अँगस्ट्रॉम आहे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. प्रयोगशाळेत नेहमी वापरले जाणारे क्ष-किरणही तांब्याच्याच चकतीवर इलेक्ट्रॉन आदळवून मिळवतात. त्यांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम. या किरणांत तांब्याची पहिली रेषा मूळ झोतापासून ४३.३ अंशांवर येते. धातू ताणून थरांमधले अंतर हजारात एक भाग वाढले, तर ती रेषा अंशाच्या साधारण वीस-पंचविसाव्या भागाइतकी सरकते. तेवढ्याच ताणाने १३६.५ अंशांवरची रेषा मात्र जवळजवळ ०.३ अंश सरकते. म्हणून ताण मोजणारा माणूस नेहमी मोठ्या कोनावरच्या रेषांकडे वळतो.

१९१६ मध्ये डेबाय आणि शेरर यांनी, पाठोपाठ अमेरिकेत हल यांनी दाखवले की मोठा स्फटिक नसला तरी चालते, बारीक भुकटीही पुरते. धातूचा कोणताही तुकडा म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा समूह. त्यामुळे तार, पत्रा, कीस, सगळेच आता क्ष-किरणांसमोर ठेवता येऊ लागले. आणि बीलबींच्या मताचा निकाल लागला. कितीही ठोकलेला धातू समोर ठेवला तरी रेषा दिसतच होत्या. धातू स्फटिकच राहत होता.

१९२३ ची जोडी आणि १९३४ चा उलगडा

लंडनमध्ये कार्पेंटर यांच्याबरोबर काम करताना कॉन्स्टन्स एलम या धातुशास्त्रज्ञ स्त्रीने ॲल्युमिनियमचे मोठे एकसंध स्फटिक वाढवण्याची रीत बसवली होती. जेफ्री टेलर यांनी तिच्यासोबत असे स्फटिक ताणले, त्यांवर रेघा आखून त्यांचा बदलता आकार मोजला आणि क्ष-किरणांनी आतल्या थरांची दिशा ठरवली. १९२३ मध्ये रॉयल सोसायटीपुढच्या बेकेरियन व्याख्यानात त्यांनी निष्कर्ष मांडला. ॲल्युमिनियम सरकते ते सर्वांत दाट थरांवरून, आणि त्या थरातही ज्या दिशेला अणू सर्वांत जवळ जवळ बसले आहेत त्याच दिशेने. त्याच सुमारास बर्लिनमध्ये मार्क, पोलान्यी आणि श्मिड जस्ताच्या स्फटिकांत असेच नियम शोधत होते. धातूचे वाकणे आता अणूंच्या भाषेत सांगता येऊ लागले. हीच एलम पुढे टिपर या नावाने ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धात लिबर्टी जहाजांचे पोलाद थंडीत का फाटते, याचा छडा लावण्यात तिचा मोठा वाटा होता.

पण या यशातून एक पेच निघाला. एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायला किती जोर लागेल, याचा हिशेब फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये केला. शुद्ध धातूचा स्फटिक प्रत्यक्षात त्याच्या हजाराव्या हिश्शाइतक्या जोरालाही वाकतो. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले. थर एकदम सरकत नाही. त्यात एक सदोष ओळ असते, जिथे अणूंची एक अर्धी रांग मधेच संपलेली असते. जोर लागला की ती ओळ एका अणूपासून पुढच्या अणूकडे सरकत जाते आणि स्फटिकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचली की थर एका अणूने सरकलेला असतो. या सदोष ओळीला डिसलोकेशन म्हणतात.

कडकपणाचे रहस्यही यातच होते. ठोकले की अशा ओळी प्रचंड वाढतात, एकमेकींच्या वाटेत येतात, गुंततात आणि हलेनाशा होतात. तापवून मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमधल्या सगळ्या ओळी सरळ मांडल्या तर त्यांची लांबी दहा ते शंभर किलोमीटर भरते. जबर ठोकलेल्या धातूत ती एक कोटी किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या पंचवीसपट. मठारलेल्या हंड्याचा ताठपणा या गुंत्यातून येतो. याच १९३४ मध्ये टेलर आणि क्विनी यांनी दाखवले की धातू वाकवताना खर्ची पडलेल्या श्रमाचा बहुतांश भाग उष्णता होऊन निघून जातो, थोडा मात्र धातूतच साठून राहतो. तडकणाऱ्या काडतुसात हीच साठवण होती.

दोष म्हणून टाकलेली रेषा

आता क्ष-किरणांच्या चित्राकडे परत येऊ. ठोकलेल्या धातूच्या रेषा दिसत होत्या, पण त्या पूर्वीसारख्या रेखीव नव्हत्या. त्या रुंदावल्या होत्या, कडा पुसट झाल्या होत्या. ज्यांना अणूंची रचना शोधायची होती त्यांच्या दृष्टीने हे चित्र बिघडलेले होते. ते नमुना तापवून घेत आणि रेषा पुन्हा रेखीव करून मगच मोजत. हॉलंडमधल्या फान आर्केल यांनी १९२५ मध्ये त्या रुंदीकडेच लक्ष दिले. रेषा रुंद होते कारण ठोकलेल्या धातूत थरांमधले अंतर सगळीकडे सारखे राहत नाही. कुठे ते किंचित वाढलेले, कुठे घटलेले. प्रत्येक अंतर आपापल्या कोनावर किरण धाडते आणि सगळ्यांची मिळून एक जाड रेषा होते.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या वॉटरटाउन शस्त्रागारात लेस्टर आणि एबॉर्न यांनी पोलादातला ताण रेषेच्या सरकण्यावरून मोजला. मोठ्या भागात एकसारखा भरलेला ताण रेषेला जागेवरून हलवतो. अणूगणिक बदलणारा बारीक ताण रेषेला रुंद करतो. काडतुसाला तडा पाडणारा ताण पहिल्या जातीचा, हंड्याला ताठ करणारा गुंता दुसऱ्या जातीचा. एकाच चित्रात दोन्ही वाचता येऊ लागले आणि वस्तू कापावीही लागेना.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने न दिसणाऱ्या गोष्टीचा हिशेब ठेवण्याचा धडा साऱ्या महाराष्ट्राला दिला आहे. त्या गावात जमिनीखाली उतरून पाणी कोणी पाहिलेले नाही. पर्जन्यमापकात पडलेला पाऊस आणि ठरावीक विहिरींची पातळी नोंदवून ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवते. धातूच्या अंतरंगाचा हिशेबही असाच वरच्या मोजमापांवरून मांडावा लागतो. रेषेची जागा, रुंदी आणि आकार या तीन नोंदी हाती असतात. त्यांवरून आत किती ताण आहे, तो कसा वाटला गेला आहे आणि एकसंध राहिलेले तुकडे किती लहान झाले आहेत, हे काढायचे.

यात एक खरी अडचण होती. स्फटिकाचे तुकडे फार बारीक झाले तरीही रेषा रुंदावते, हे शेरर यांनी १९१८ मध्येच दाखवले होते. मग रुंदीतला किती वाटा बारीकपणाचा आणि किती ताणाचा? दोन्ही वाटे कोनाबरोबर वेगवेगळ्या रीतीने वाढतात, यावरून विल्यमसन आणि हॉल यांनी १९५३ मध्ये ते वेगळे करण्याची सोपी आलेख-पद्धत दिली. त्याआधी १९५० मध्ये एमआयटीत वॉरन आणि ॲव्हरबाख यांनी अधिक खोलवर जाणारी गणिती पद्धत मांडली होती. रेषेचा सगळा आकार साइन-कोसाइनच्या मालिकेत फोडायचा आणि प्रत्येक पदातून आकार आणि ताण वेगळे करायचे. त्यांनी त्यासाठी ज्या मिश्रधातूचा अभ्यास केला तो थंडपणी ठेचलेला पितळेचा कीस होता. काडतुसांच्या पितळेने विज्ञानाला दुसऱ्यांदा कामाला लावले.

त्या काळी ही मालिका हाताने मोडावी लागे. प्रयोगशाळांत कागदाच्या हजारो पट्ट्या असत. बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३६ मध्ये काढलेल्या त्या पट्ट्यांवर साइन-कोसाइनच्या किमती आधीच छापलेल्या असत. हव्या त्या पट्ट्या काढायच्या, एकाखाली एक मांडायच्या आणि बेरजा करत बसायचे. एका रेषेमागे कित्येक दिवस जात.

क ख ग ख ग : थरांची चुकलेली रांग

पितळेच्या रेषा नीट मोजू लागल्यावर ताण आणि बारीकपणा यांनी न सुटणारी एक गोष्ट पुढे आली. काही रेषा एका बाजूला सरकत होत्या, काही दुसऱ्या. त्यामागे थरांची चुकलेली रांग होती.

तांबे, पितळ, ॲल्युमिनियम यांत अणूंचे दाट थर तीन जागांच्या पाळीने रचलेले असतात : क ख ग क ख ग. धातूवर घाव बसला की कधी कधी वरचे सगळे थर अर्धवट सरकून थांबतात. मग रांग होते क ख ग ख ग क ख ग. एक पाळी चुकली. याला स्टॅकिंग फॉल्ट म्हणतात. ॲल्युमिनियममध्ये अशी चूक क्वचित टिकते. तांब्यात जस्त मिसळत गेले की चूक टिकवायला लागणारी ऊर्जा घटत जाते आणि पितळेत अशा चुका भरपूर साचतात. पॅटरसन यांनी १९५२ मध्ये दाखवले की या चुकांमुळे पहिली रेषा मोठ्या कोनाकडे सरकते आणि तिच्या शेजारची दुसरी रेषा लहान कोनाकडे. दोन रेषा जवळ आल्या की चुका किती झाल्या ते मोजता येते. १९५५ मध्ये वॉरन आणि वॉरेकॉइस यांनी ठेचलेल्या पितळेत ते मोजून दाखवले.

कोबाल्टची गोष्ट आणखी गुंतागुंतीची होती. साधारण ४२० अंश सेल्सिअसखाली थंड होताना कोबाल्ट आपली तीन जागांची पाळी सोडून क ख क ख अशी दोन जागांची पाळी धरतो आणि त्या बदलातच अनेक चुका राहून जातात. ए. जे. सी. विल्सन यांनी १९४२ मध्ये त्याच्या रुंद रेषांचे गणित सोडवले होते. पण कोबाल्टला कुटले तर आणखी चुका होतात. जन्मजात चुका आणि माराने आलेल्या चुका वेगळ्या कशा ओळखायच्या?

याचे उत्तर काढणाऱ्या जोडीत एक भारतीय होते. टी. आर. अनंतरामन हे र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले होते आणि तिथे जॅक ख्रिश्चन यांच्याबरोबर कोबाल्टवर काम करत होते. १९५६ मध्ये ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’त दोघांचा निबंध आला. कोबाल्टच्या रेषांचा एक गट दोन्ही चुकांपासून अलिप्त राहतो. उरलेल्यांचे दोन गट पडतात. थर रचले जाताना राहिलेली चूक यांतल्या एका गटाला दुसऱ्याच्या तिप्पट रुंद करते. माराने आलेली चूक दोन्ही गटांना सारखेच रुंद करते. दोन्ही गट मोजले की दोन्ही चुकांची संख्या वेगवेगळी निघते. निव्वळ रेषांच्या रुंदीवरून, धातूवर मार बसला की नाही आणि किती, हे सांगता येऊ लागले.

अनंतरामन भारतात परतले आणि १९६० च्या दशकात त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठातला धातुशास्त्र विभाग नावारूपाला आणला. देशात धातुशास्त्राचे पदवी शिक्षण याच विद्यापीठात १९२३ मध्ये सुरू झाले होते. तिथे रुंद रेषा वाचणाऱ्यांचे एक घराणेच तयार झाले. पुढे देशाच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचे सचिव झालेले पी. रामाराव याच प्रयोगशाळेत घडले. आणि याच घराण्यात एक मराठी नाव आहे, श्रीकांत लेले.

काशीशी मराठी माणसाचे नाते पेशवाईपासूनचे. घाट, वाडे, वेदपाठशाळा यांतून ते सगळ्यांना माहीत आहे. लेल्यांच्या गणिताची ओळख मात्र आपल्याकडे फारशी कोणाला नाही. १९६७ मध्ये लेले, अनंतरामन आणि जॉन्सन यांनी दोन जागांच्या पाळीच्या धातूंत एक जादा थर घुसला तर क्ष-किरणांच्या रेषा कशा बदलतील, याचे गणित प्रसिद्ध केले. पाळीत जादा थर घुसणे ही वेगळ्या जातीची चूक असते आणि तिचा ठसाही वेगळा उमटतो. प्रयोग करणाऱ्याला तो ठसा आधी गणिताने माहीत असावा लागतो, नाहीतर रेषा समोर असूनही ती काय सांगते हे कळत नाही. १९८० मध्ये धनंजय पांडे, लेले आणि पी. कृष्ण यांनी सिलिकॉन कार्बाइडमध्ये एका पाळीची रचना दुसऱ्या पाळीत बदलत असताना क्ष-किरणांचे चित्र टप्प्याटप्प्याने कसे बदलते, याचे सविस्तर गणित रॉयल सोसायटीच्या मुखपत्रात मांडले. १९८६ मध्ये पांडे आणि लेले यांनी तीन जागांच्या पाळीतून दोन जागांच्या पाळीत जाणाऱ्या धातूंकडे ही पद्धत वळवली. कोबाल्टपासून निघालेला प्रश्न तीस वर्षांनी काशीत अधिक सामान्य उत्तरापर्यंत आला होता.

या कामाला प्रचंड यंत्रे लागली नाहीत. क्ष-किरणांची नळी, फोटोफिल्म किंवा मोजणीचे साधे यंत्र, आणि संभाव्यतेचे कसून केलेले गणित. जगाने ज्या विषयात नुकतेच पाऊल टाकले होते, त्यात भारतातले एक विद्यापीठ थेट पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले ते विचाराच्या बळावर. याचा अभिमान बाळगण्याइतके ते काम मोठे आहे.

तुर्भे, तारापूर, पवई

ही विद्या कोणाच्या उपयोगी पडली, याचे उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली. तिथल्या युरेनियमच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या, झिर्कॅलॉयच्या, बारीक नळ्यांत भरलेल्या असतात. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही आणि गरम पाण्यात गंजतही कमी, म्हणून त्याची निवड. तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात ब्रह्म प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली या धातूचे काम सुरू झाले. १९७१ पासून हैदराबादच्या अणुइंधन संकुलाने त्याच्या नळ्या देशातच घडवायचे काम हाती घेतले.

झिर्कोनियमची पाळी कोबाल्टसारखीच, दोन जागांची. असा स्फटिक सगळ्या दिशांना सारखा नसतो. जाड नळी दाबून आणि ओढून बारीक करताना तिचे असंख्य स्फटिक विशिष्ट दिशांना तोंडे फिरवतात. या एकदिशपणाला टेक्स्चर म्हणतात. त्यावर नळीचे आयुष्य ठरते. अणुभट्टीतल्या पाण्यातून हायड्रोजन धातूत शिरतो आणि चपट्या हायड्राइडच्या रूपाने साचतो. त्या चकत्या नळीच्या परिघाला समांतर बसल्या तर नळी टिकते. आतून बाहेर जाणाऱ्या दिशेने उभ्या राहिल्या तर त्यांच्याच वाटेने तडा जातो. त्या कशा बसतील, हे नळी घडवताना धातू कसा सरकला यावर बरेचसे अवलंबून असते. म्हणून नळीचा तुकडा क्ष-किरणांसमोर सगळ्या बाजूंनी कलवत आणि फिरवत प्रत्येक दिशेतली रेषेची तीव्रता मोजतात आणि स्फटिकांच्या दिशांचा नकाशा काढतात. तुर्भ्यात श्रीकुमार बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूंवर केलेल्या कामाची गणना जगातल्या मान्यवर कामात होते.

दाबाखालच्या जड पाण्याच्या भट्ट्यांत हाच प्रश्न आणखी तीव्र होतो. तिथल्या झिर्कोनियम-नायोबियमच्या दाबनळ्या वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा खातात आणि त्या माऱ्याखाली लांबही होत जातात. किती लांब होतील, हे स्फटिकांच्या दिशांवर अवलंबून असते. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत अशाच नळ्या बसवलेल्या आहेत.

आज पवईच्या आयआयटीत टेक्स्चर मोजण्याची राष्ट्रीय सुविधा आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमधून मिळणारे क्ष-किरण नळीतल्या किरणांपेक्षा कितीतरी पट प्रखर आहेत. बेरजेच्या कागदी पट्ट्या गेल्या, संगणक सगळी रेषा क्षणात फोडतो. हिशेबाचा पाया मात्र तोच राहिला आहे : रेषेची जागा, रुंदी, आकार.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. आता क्ष-किरण विवर्तनाचे यंत्र अनेक महाविद्यालयांच्या आवाक्यात आले आहे. विद्यार्थी नमुना ठेवतो, रेषांच्या जागा तक्त्याशी ताडून पदार्थाचे नाव लिहितो, शेरर यांच्या सूत्रात रुंदी घालून कणांचा आकार काढतो आणि प्रकरण मिटवतो. सगळी रुंदी बारीकपणाच्या खात्यावर जमा होते. त्या पदार्थाला कुटले, दळले, ओढले, तापवले याची नोंद त्याच रुंदीत असते आणि ती न वाचताच राहते. एखादा पदार्थ कशाचा बनला आहे एवढे विचारून थांबणे सोपे आहे. त्याच्यावर काय गुजरले हेही विचारता येते, आणि त्याचे उत्तर मिळवण्याची रीत घडवण्यात आपल्याच विद्यापीठांतल्या माणसांनी वाटा उचलला आहे. ही रीत महाराष्ट्रातल्या प्रत्येक भौतिकी आणि धातुशास्त्राच्या वर्गात, तिच्या इतिहासासकट, शिकवली गेली पाहिजे. काडतुसे तडकत होती तेव्हा हे ज्ञान नव्हते आणि त्याची किंमत फौजेने मोजली. आज ते हाताशी आहे. विमानाचे पाते असो, पुलाचा सांधा असो की अणुभट्टीची नळी, धातूत दबलेला ताण वेळेवर वाचला तर माणसांचे जीव वाचतात.